ठिबकच्या नळीतला चिकटा आणि एएफएम: जिवाणू किती घट्ट धरतो हे मोजायला शिकताना

जालना जिल्ह्यातल्या एका मोसंबीच्या बागेत ठिबकची लॅटरल, म्हणजे झाडांच्या ओळीतली बारीक नळी, शेवटाकडून कापली, तर आतून पाण्याबरोबर तपकिरी, बुळबुळीत थर अंगठ्यावर आला. दोन बोटांत धरून ताणला की भेंडीच्या चिकासारखी तार निघत होती. बागेचे मालक म्हणाले, "मॅडम, विहिरीला पाणी हाय, फिल्टर परवाच धुतलाय. तरी शेवटच्या ओळीला थेंब पडंना." ड्रिपरमधली पाण्याची वाट जेमतेम मिलिमीटरभर रुंद असते. हा चिकटा तिथे बसला, त्यात मातीचे कण आणि क्षार अडकले, की झाड तहानलेलं राहतं.

हा थर म्हणजे बायोफिल्म: जिवाणू आणि त्यांनी स्वतःभोवती सोडलेली शर्करा व प्रथिनं. त्याची सुरुवात एका जिवाणूपासून होते. वाहत्या पाण्यातून तो प्लास्टिकजवळ येतो, टेकतो, आणि एक तर सुटतो किंवा राहतो. तो किती जोराने धरतो हे थेट मोजता येतं, आणि त्यासाठीचं यंत्र म्हणजे ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप, म्हणजे एएफएम. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांतून सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी किंवा पीएचडी करणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. यंत्र आपल्या विभागात नसलं तरी या कामाचा मोठा वाटा आपल्याच प्रयोगशाळेत होतो, आणि निकाल बिघडतो तोही बहुतेक तिथेच.

यंत्र नेमकं काय करतं

एएफएम १९८६ मध्ये गेर्ड बिनिग, कॅल्विन क्वेट आणि क्रिस्टोफ गेर्बर यांनी मांडलं. नावात मायक्रोस्कोप असला तरी ते बघत नाही, चाचपतं. एक अतिशय पातळ, लवचिक पट्टी असते, तिला कॅन्टिलिव्हर म्हणतात. तिच्या पाठीवर लेसर पडतो आणि परावर्तित होऊन चार भागांच्या फोटोडायोडवर जातो. पट्टी जराशी वाकली तरी लेसरचा ठिपका सरकतो आणि व्होल्टेज बदलतं. पट्टी खाली-वर नेण्याचं काम पिझो, म्हणजे व्होल्टेज दिलं की किंचित लांबणारा-आखडणारा स्फटिक, करतो.

आपल्याला चित्र काढायचं नाही, बल मोजायचं आहे. त्यासाठी पट्टीच्या टोकाला एक जिवंत जिवाणू बसवायचा, तो प्लास्टिकवर हलकेच टेकवायचा आणि मागे ओढायचा. सुटेपर्यंत पट्टी खाली वाकते. किती वाकली गुणिले तिचा ताठपणा, एवढाच हिशेब: शाळेतला हूकचा नियम. याला सिंगल सेल फोर्स स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात.

आकड्यांचा अंदाज आधीच हाताला लावून घ्या. ज्वारीच्या एका दाण्याचं वजन साधारण ३ लाख नॅनोन्यूटन भरतं. एक जिवाणू सोडवायला बहुतेक वेळा १ नॅनोन्यूटनच्या आसपास, कधी त्याच्याही काही अंश बल लागतं. एवढं सूक्ष्म मोजताना खोलीतला पंखा, टेबलावर टेकलेलं कोपर, बाहेरून गेलेला ट्रॅक्टर, सगळं मध्ये येतं.

प्रश्न लहान करा

"ठिबकमधली बायोफिल्म का होते" हा एएफएमचा प्रश्न नाही. "हा एक जिवाणू, या पॉलिथिनवर, या पाण्यात, १ सेकंद टेकवला तर किती बलाने सुटतो" हा आहे. एक जिवाणू, दोन पृष्ठभाग, दोन प्रकारचं पाणी. पहिल्या वर्षी एवढं पुरे. याहून जास्त घेतलेल्यांची तक्ते भरण्यातच दमछाक झालेली मी पाहिली आहे.

ड्रिपरमधून काढलेला अनोळखी जिवाणू थेट यंत्रावर नेऊ नका. आधी शुद्ध करा, १६एस जनुकावरून ओळख पटवा. तो रोगकारक गटातला निघाला तर पुढचे सगळे नियम बदलतात. हात बसेपर्यंत ई. कोलायचा के-१२ हा प्रयोगशाळेतला निरुपद्रवी वाण वापरा. तो १ ते २ मायक्रोमीटर लांब, वाढवायला सोपा, आणि त्याच्यावर इतकं काम झालेलं आहे की आपले आकडे कुठे बसतात ते लगेच कळतं.

जिवाणूंची तयारी

प्रत्येक वेळी वाढीच्या एकाच टप्प्यावर पेशी घ्या. भरभर वाढणाऱ्या पेशीचं कवच आणि उपाशी, थांबलेल्या पेशीचं कवच सारखं नसतं, आणि चिकटणं हा सगळा कवचाचाच खेळ आहे. ओडी, म्हणजे कल्चरचा गढूळपणा, किती होता, किती तासांची वाढ होती, वहीत लिहा.

मग धुणं. माध्यमातली प्रथिनं राहिली तर ती आधी जाऊन प्लास्टिकवर बसतात आणि आपण जिवाणूऐवजी त्यांचं चिकटणं मोजत बसतो. म्हणून बफरमध्ये दोन-तीनदा धुवा, पण सेंट्रिफ्यूज बेताने फिरवा. आपल्याकडे घाईत जास्तीत जास्त वेगावर टाकायची सवय आहे. तेवढ्या जोराने पेशी एकमेकींवर घासल्या जातात आणि बाहेरचे तंतू, म्हणजे ज्यांनी जिवाणू पृष्ठभाग धरतो तेच, तुटून जातात. कमी वेगावर पाच मिनिटं, मग पिपेटने हळुवार मिसळणं. व्हॉर्टेक्स नको.

पाणी

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण मराठवाड्याचा प्रश्न इथेच शोधनिबंधांतल्या प्रश्नांहून वेगळा होतो. बहुतेक प्रयोग फॉस्फेट बफर सलाईनमध्ये होतात. आपल्या बेसाल्टमधल्या बोअरचं पाणी मात्र जड, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमवालं.

उदासीन पाण्यात जिवाणूच्या अंगावर बहुधा ऋण भार असतो आणि प्लास्टिकवरही बहुधा ऋणच. दोघं एकमेकांना दूर ढकलतात. पाण्यात क्षार वाढले की ही ढकल आखूड होते. साध्या मिठाच्या ०.००१ मोलर द्रावणात तिचा पल्ला सुमारे १० नॅनोमीटर असतो, ०.१ मोलरमध्ये जेमतेम १ नॅनोमीटर. पल्ला आखूड झाला की जिवाणू जवळ येऊ शकतो, आणि जवळ आल्यावर आकर्षणाची बलं लागू होतात. कॅल्शियमला दोन भार असल्याने तो हे काम सोडियमपेक्षा कितीतरी कमी मात्रेत करतो. शिवाय तो दोन ऋण भारांच्या मध्ये पुलासारखा बसू शकतो. तेव्हा डिस्टिल्ड वॉटरमध्ये मोजलेला आकडा जालन्याच्या बोअरला लावता येत नाही.

पण म्हणून बोअरचं पाणी फॉस्फेट बफरमध्ये ओतू नका. कॅल्शियम फॉस्फेटचे बारीक कण खाली बसतात, आणि पृष्ठभागावर ते दिसले की जिवाणू कोणता आणि कण कोणता, हा नवाच घोळ सुरू होतो. हेपेससारखा फॉस्फेट नसलेला बफर घ्या, त्यात मोजून कॅल्शियम क्लोराइड घाला. एका संचात कॅल्शियम, दुसऱ्यात नाही, आणि दोन्हींचं एकूण आयनिक बळ सारखं ठेवा. नाहीतर फरक कॅल्शियममुळे पडला की नुसता क्षार वाढल्यामुळे, हे सांगता येणार नाही. खरं बोअरचं पाणी शेवटच्या फेरीला, बारीक फिल्टरमधून गाळून.

पृष्ठभाग

सुरुवात काचेवर करा. काच सपाट, स्वच्छ करायला सोपी. मग लॅटरलकडे वळा. ठिबकची नळी साधारणपणे लिनियर लो डेन्सिटी पॉलिथिनची, काळी, आतून गोल. तिचा नखाएवढा तुकडा कापून, आतली बाजू वर करून, पेट्रीडिशच्या तळाला इपॉक्सीने पक्का चिकटवावा लागतो. दुहेरी टेप चालत नाही, पाण्यात ती हळूहळू सुटते आणि तुकडा हलत राहतो.

आधी रिकाम्या टिपने, म्हणजे पट्टीच्या टोकाच्या बारीक सुईने, तुकड्याचा खडबडीतपणा मोजा. नळी तयार होताना पडलेल्या चरा भिंगाखाली नांगरटीसारख्या दिसतात. जिवाणू चरीत बसला तर दोन्ही बाजूंनी टेकतो, उंचवट्यावर बसला तर एका टोकावर, आणि बलात मोठी तफावत येते. ती तफावत खरी आहे, शेतातही तशीच आहे, पण नवख्या माणसाला ती गोंधळात टाकते. म्हणून काच आणि नळी यांच्या मधली पायरी ठेवा: पॉलिथिनचे दाणे दोन स्वच्छ काचपट्ट्यांमध्ये तापवून, दाबून केलेली गुळगुळीत चकती. पदार्थ नळीचा, सपाटपणा काचेचा.

जिवाणू पट्टीवर बसवणं

टिप नसलेली, मऊ कॅन्टिलिव्हर घ्या, ताठपणा ०.०१ ते ०.१ न्यूटन प्रति मीटर. तिच्या टोकाला आधी काही मायक्रोमीटर व्यासाचा सिलिकाचा गोळा अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या गोंदाने लावतात आणि जिवाणू त्या गोळ्याच्या तळाशी बसवतात. पट्टी तिरकी असल्याने गोळा नसेल तर जिवाणूच्या आधी तिची कडाच खाली टेकण्याची भीती असते.

जिवाणू धरून ठेवायला पॉलिडोपामाइनचा लेप. १० मिलिमोलर ट्रिस बफर, पीएच ८.५, त्यात दर मिलिलिटरला ४ मिलिग्रॅम डोपामाइन हायड्रोक्लोराइड, आणि पट्ट्या तासभर बुडवून ठेवायच्या. द्रावण आधी पाण्यासारखं असतं. बघता बघता फिक्या चहाचा रंग येतो, मग काळपट होत जातं. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, त्याच जातीची ही रसायनक्रिया आहे. रंग बदलला नाही तर समजा पीएच चुकला किंवा डोपामाइन जुनं झालं. त्या दिवशी पुढे जाऊ नका.

आता खरी कसरत. काचेवर विरळ पेशी पसरलेल्या आहेत, खालून इन्व्हर्टेड मायक्रोस्कोपमधून दिसताहेत. एका सुट्या पेशीवर गोळा नेमका आणायचा, अगदी हलक्या बलाने टेकवायचा, तीन-चार मिनिटं थांबायचं, उचलायचं. ती जागा रिकामी झाली आणि गोळ्यासोबत पेशी वर आली, तर जमलं. पेशी जिवंत आहे का हे दोन रंगांनी कळतं: सायटो ९ ने हिरवी दिसली तर कवच शाबूत, प्रोपिडियम आयोडाइडने लाल झाली तर फाटलेलं.

इथे माझं एक नुकसान सांगते. पहिल्यांदा दूरच्या एका संस्थेत यंत्राची वेळ मिळाली तेव्हा मी सकाळी एक पेशी उचलली, हिरवी पाहिली आणि दुपारपर्यंत तीनशेहून जास्त कर्व्ह, म्हणजे टेकवून मागे ओढतानाचे बल-अंतराचे आलेख, घेतले. शेवटी पुन्हा तपासलं तर गोळ्यावर पेशीच नव्हती. ती कधी सुटली हे सांगायला माझ्याकडे काहीही नव्हतं, त्यामुळे सगळेच कर्व्ह टाकून द्यावे लागले. तेव्हापासून दर पन्नास कर्व्हनंतर पेशी बघायची आणि काचेवरच्या एका ठरलेल्या ठिकाणी परत जाऊन बल तेवढंच येतं का हे पाहायचं, हा माझ्या विद्यार्थ्यांचा नियम आहे. तो कुणालाही, कितीही घाई असली तरी, मोडू देत नाही.

कॅलिब्रेशन

हे पेशी बसवण्याच्या आधी करायचं. वर क्रमाने नंतर आलं असलं तरी यंत्रावर आधी हेच. पेशी मऊ असते, ती बसल्यावर दाबलं तर पेशीचं दबणं आणि पट्टीचं वाकणं मिसळतं.

दोन गोष्टी काढायच्या. एक, संवेदनशीलता: रिकामा गोळा त्याच बफरमध्ये स्वच्छ काचेवर दाबून, १ व्होल्ट म्हणजे किती नॅनोमीटर. दोन, ताठपणा. डब्यावर छापलेला आकडा तसाच घेऊ नका. ताठपणा पट्टीच्या जाडीच्या घनाने बदलतो, म्हणजे जाडीत १० टक्के फरक पडला तरी ताठपणात ३३ टक्के पडतो. पट्टी मोकळी सोडून तिचं उष्णतेने होणारं थरथरणं मोजायचं आणि त्यावरून ताठपणा काढायचा. याला थर्मल पद्धत म्हणतात, बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ती तयारच असते.

उदाहरण धरा. संवेदनशीलता ५० नॅनोमीटर प्रति व्होल्ट, ताठपणा ०.०६ न्यूटन प्रति मीटर, ओढताना सिग्नल ०.४ व्होल्टने खाली गेला. म्हणजे पट्टी २० नॅनोमीटर वाकली, बल १.२ नॅनोन्यूटन. याच पट्टीचं नुसत्या उष्णतेचं थरथरणं पाव नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे साधारण १६ पिकोन्यूटन (०.०१६ नॅनोन्यूटन). त्याच्या जवळपासचे चढउतार बंध म्हणून मोजायचे नाहीत.

आणि थांबा. बफर भरल्यावर किमान अर्धा तास काहीही मोजू नका. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२ अंश आणि आत एसी, अशा वेळी बफरची बाटली खोलीच्या तापमानाला आलेली नसते आणि पट्टी एका बाजूला सरकत राहते. बेसलाइन स्थिर झाली की सुरू करा.

कर्व्ह घेणं आणि वाचणं

पेशीविना, फक्त लेप लावलेल्या गोळ्याचे कर्व्ह सर्वांत आधी घ्या. लेप स्वतःच चिकट आहे, त्यामुळे पेशी नसताना कर्व्ह कसा दिसतो हे डोळ्यात बसलं पाहिजे. मग पेशी. दाब अर्धा नॅनोन्यूटनच्या आत-बाहेर ठेवा, वेग १ मायक्रोमीटर प्रति सेकंद, आणि प्रत्येक टेकण्याला नवीन जागा. टेकून ठेवायचा वेळ शून्य, १ सेकंद, १० सेकंद असा बदला. पुष्कळ जिवाणूंमध्ये पहिल्या काही सेकंदांतच पकड वाढते: मधलं पाणी बाहेर सरतं, पृष्ठभागावरचे रेणू वळून नीट बसतात. त्यामुळे टेकण्याचा वेळ न सांगता दिलेला चिकटण्याचा आकडा माझ्या लेखी अपुरा आहे.

पडद्यावर परतीची रेषा बघा. ती शून्याच्या खाली जाते, एका टोकाला पोचते आणि झटकन वर येते. पृष्ठभागालगतच एकच धारदार टोक आलं तर अख्खं कवच एका दमात सुटलं. करवतीच्या दात्यांसारखी एकामागून एक टोकं, तीही शेकडो नॅनोमीटर दूरवर, आली तर लांब रेणू ताणून एकेक करत तुटताहेत. दूरवर सपाट पायरी आली तर पिलीसारखा तंतू एका ठरावीक बलाने उलगडतोय किंवा सोलला जातोय अशी शंका घ्या. नुसतं सर्वांत मोठं बल लिहून बाकीचा कर्व्ह सोडू नका. रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे सोडवायला लागलेलं काम, आणि दोन जिवाणूंचं शिखर सारखं असूनही हे काम वेगळं असू शकतं. अंतरही बघा: ई. कोलायचे टाइप १ तंतू मायक्रोमीटरभर लांब असू शकतात, म्हणून मागे ओढण्याचं अंतर २-३ मायक्रोमीटर तरी ठेवा.

प्रथिनांची खास पकड किती जबर असू शकते याचा एक टोकाचा आकडा लक्षात असू द्या. स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिसच्या एसडीआरजी प्रथिनाची रक्तातल्या फायब्रिनोजेन या प्रथिनावरची एकच पकड सुटायला सुमारे २ नॅनोन्यूटन लागतात, म्हणजे रासायनिक सहसंयुज बंधाच्या तोडीचं. ई. कोलायवर काचेशी असं काही दिसलं तर आनंद करण्याआधी पट्टीचं कॅलिब्रेशन तपासा.

मोजदादीत प्रामाणिक राहा. एका पेशीचे २०० कर्व्ह म्हणजे २०० नमुने नव्हेत, तो एकच नमुना २०० वेळा मोजला. वेगवेगळ्या दिवशी वाढवलेली किमान तीन कल्चर्स, प्रत्येकातल्या काही पेशी, आणि सांख्यिकी पेशींवर. ज्या कर्व्हमध्ये चिकटणंच झालं नाही तेही धरा. "१०० पैकी किती वेळा चिकटला" हा स्वतंत्र आणि मोलाचा निकाल आहे.

यंत्रापर्यंत पोचताना

केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली यंत्रं शोधता येतात आणि वेळ मागता येते. मागण्याआधी फोन करून चार गोष्टी विचारा: द्रवात मोजण्याची सोय आहे का, खाली इन्व्हर्टेड ऑप्टिकल मायक्रोस्कोप जोडलेला आहे का, फोर्स स्पेक्ट्रोस्कोपी चालू आहे का, आणि जिवंत जिवाणू आणायला परवानगी आहे का. पुष्कळ यंत्रं पदार्थविज्ञानाच्या कामाला जुंपलेली असतात आणि चालवणाऱ्या ताईंनी किंवा सरांनी कधी जिवाणू हाताळलेले नसतात. त्यांना आधी सगळा प्रयोग, ७० टक्के अल्कोहोलने पुसण्यापर्यंत, समजावून सांगा. मदत मनापासून मिळते.

नांदेडहून किंवा लातूरहून रात्रभराच्या प्रवासाला द्रव कल्चर नेऊ नका. नीट बंद केलेला, लेबल लावलेला स्लँट, म्हणजे तिरक्या घट्ट माध्यमावर जिवाणू वाढवलेली परीक्षानळी, न्या, तिथेच आदल्या संध्याकाळी इनॉक्युलेट करून सकाळी ताज्या पेशी घ्या. त्यासाठी इनक्युबेटर मागून ठेवा. लॅटरलचे तुकडे चिकटवलेल्या डिश घरूनच तयार न्या. परतताना मूळ कच्च्या फाइल्स घ्या, पडद्याचे फोटो नव्हे, आणि त्या दिवशीची संवेदनशीलता व ताठपणा फाइलच्या नावातच लिहा.

आकडा शेतात नेताना

एएफएम जिवाणूला सरळ वर ओढतो. नळीतलं पाणी त्याला आडवं ढकलतं. वर ओढायला जड जाणारा जिवाणू आडवा घसरत जाऊ शकतो, आणि उलटही. म्हणून "कॅल्शियममध्ये पकड दुप्पट, सबब ड्रिपर दुप्पट लवकर बंद" असं लिहू नका. सोबत एक साधा प्रयोग ठेवा. तेच जिवाणू, तेच पाणी, ९६ खड्ड्यांच्या प्लेटमध्ये, क्रिस्टल व्हायोलेटने रंगवून किती थर बसला ते मोजा. हे आपल्या कुठल्याही विभागात होतं.

आणि लॅटरलचे काही तुकडे नायलॉनच्या दोऱ्याला बांधून त्याच बागेतल्या टाकीत सोडा, मालकांना विचारून. क्लोरीन किंवा आम्ल सोडायची तारीख असेल तर ती आधी विचारून घ्या, तो आठवडा टाळा. सात दिवसांनी तुकडे काढा, डिशमध्ये त्याच टाकीच्या पाण्यात बुडवूनच आणा. वाळू देऊ नका, वाळला की थर आकसतो आणि त्याचं रूप बदलतं.